साडूंनी न विकलेली किल्ली

माझ्या सख्ख्या साडूंनी मला फसवलं. लॅपटॉप मला विकला आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. यात अतिशयोक्ती नाही, गैरसमज नाही, आणि नात्यातला माणूस म्हणून सोडून देण्यासारखंही काही नाही. पंचवटीत दिंडोरी रोडला माझं फवारणी पंपांचं दुकान आहे. सायकलला पान्यांची पिशवी अडकवून बागाबागांतून पंप दुरुस्त करत हिंडलो, तिथून हे दुकान उभं केलं. जुनी इंजिनं विकणारे दलाल, ज्यांना पाहून बाकीचे दुकानदार जेवायला निघून जातात, ते माझ्याकडे येताना आधी कोपऱ्यावर चहा पिऊन धीर गोळा करतात. अशा मला फसवलं कोणी, तर ज्या माणसाने आयुष्यात कोथिंबिरीच्या जुडीचासुद्धा भाव केला नाही, त्याने. खरी सल ती आहे.

साडूंना भाव करता येत नाही असं नाही, त्यांना तो करायचाच नसतो. भाजीवाली सांगेल ते पैसे काढून देतात आणि वर "आभारी आहे" म्हणतात. एकदा गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, भाजीबाजारात मी त्यांच्यासोबत होतो. वांग्यांवरून बाईशी अर्धा तास हुज्जत घातली, तिला बोलण्यात तिच्या गावापर्यंत नेऊन परत आणली, भाव पाडला. घाम पुसून मागे बघतो तर साडू गायब. थोड्या वेळाने दिसले, त्याच बाईसमोर उभे. मी कमी केलेले पैसे तिला गुपचूप परत देत होते. मी रस्त्यातच त्यांना फैलावर घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "शेठ, तिने सकाळपासून मनात एक आकडा धरला असेल. तो मोडला की तिचा दिवस मोडतो." मला ते शेठ म्हणत. इतरांनी शेठ म्हटलेलं मला आवडतं, साडू म्हणाले की टोमणा मारल्यासारखं वाटे.

त्यांची सगळी नोकरी एका सरकारी गोदामात स्टोअरकीपर म्हणून गेली. निवृत्त झाले तेव्हा गोदाम तिथेच राहिलं, पण कुलपं त्यांच्यासोबत घरी आली. सिडकोतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घराला जितकी कुलपं होती तितकी आमच्या गल्लीतल्या सराफाकडे नसतील. फाटकाला कुलूप, मीटरच्या पेटीला कुलूप, गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाला साखळीसकट कुलूप. टाकीतलं पाणी कोण नेणार, असं मी विचारलं तर म्हणाले, "नेणार नाही हो. पण नेलं तर कळायला नको का?" आणि एवढं करून किल्ल्या ते लपवत. चोरापासून नाही, स्वतःपासून. यामागे त्यांचं तत्त्वज्ञान होतं. "माणसाचा भरवसा नाही, शेठ. उद्या माझीच बुद्धी फिरली तर?" म्हणजे हा गृहस्थ उद्याच्या आपल्यातल्या संभाव्य चोराला आजच हुलकावणी देऊन ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो चोर बिचारा स्वतःच्याच घराबाहेर पायरीवर बसलेला असायचा.

वणीच्या देवीला जाताना त्यांनी एकदा फ्रिजला कुलूप लावलं. होय, फ्रिजला. पत्र्याची पट्टी ठोकून कडी बसवली होती. परत आले तर किल्ली सापडेना. आत दूध, बाहेर चहाची तल्लफ. स्कूटरचीही तीच गत. बाजारात चाकाला साखळी घातली आणि किल्ली अशी जपून ठेवली की खिशातल्या एकाही कप्प्यात सापडेना. शेवटी भद्रकालीतला एक कुलूपवाला आणला. त्याने तार घातली, मनगट फिरवलं, कुलूप उघडलं. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. साडूंचा चेहरा पडला. "इतक्या सहज उघडलं?" म्हणून त्यांनी त्या कुलूपवाल्याचं गाव, वडिलांचं नाव, धंद्यात किती वर्षं आहात, सगळी चौकशी केली, आणि त्याच्याकडूनच याहून मोठं कुलूप विकत घेतलं. सांगेल त्या भावाने, हे वेगळं सांगायला नको.

आता अक्कांविषयी सांगायला हवं. अक्का म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. सगळा गोतावळा त्यांना अक्काच म्हणे. गंमत अशी की घरातल्या प्रत्येक किल्लीचा ठावठिकाणा अक्कांना माहीत असायचा. नवरा पिठाच्या डब्याकडे कसा चोरपावलांनी जातो हे त्या ओट्यापाशी पाठ करून उभ्या राहून ओळखत. पण विचारल्याशिवाय सांगत नसत. आणि साडू विचारत नसत, कारण विचारायचं तर हाक मारावी लागते, आणि त्यांनी बायकोला हाक म्हणून कधी मारली नाही. खाकरत. भांड्यावर चमचा वाजवत. फारच अडलं तर भिंतीकडे बघून म्हणत, "कोणी आहे का घरात?" फ्रिजच्या वेळी त्यांनी सगळं घर उलथं केलं, अक्का सुपात तांदूळ निवडत बसलेल्या. अखेर साडू खिडकीला उद्देशून म्हणाले, "कुणाला माहीत असेल तर बरं होईल." अक्का उठल्या, कुंडीतली माती बोटाने उकरली, किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या.

असे हे दोघं माझ्या धंद्यात शिरले ते माझ्या ब्लोअरमुळे. द्राक्षबागेत ट्रॅक्टरमागे लावायचा फवारणीचा ब्लोअर मी स्वतः बनवला होता. बाजारात मिळणारे ब्लोअर वरच्या पानांना न्हाऊ घालायचे आणि आतला घड कोरडा ठेवायचे. माझ्या नोझलचं तोंड वेगळं होतं, औषध आतपर्यंत जायचं. पुण्याची एक कंपनी म्हणाली, पुरावा दाखवा, आम्ही आमच्या नावाने बाजारात आणू. पुरावा म्हणजे फोटो, तेही छाटणीपासून काढणीपर्यंत सबंध हंगामाचे. साडू रिकामे होते. त्यांच्या बंगळूरच्या मुलाने त्यांना लॅपटॉप आणि डिजिटल कॅमेरा दिलेला होता, आणि हातात काही नोंदण्यासारखं काम आलं की त्यांचा चेहरा उजळायचा. सबंध हंगाम माझ्यासोबत दिंडोरीच्या पुढच्या बागांत हिंडले. वेलीची उंची फोटोत कळावी म्हणून शेजारी ठराविक मापाची वस्तू हवी, असा त्यांचा गोदामाचा नियम. ती वस्तू म्हणजे अक्का. प्रत्येक फोटोत वेलीशेजारी अक्का, हातात मिटलेली छत्री, सरळ उभ्या. एकदा बागवाला कळवळून म्हणाला, "काकू, मागं सरा ना जरा, औषध लय उग्र हाय." अक्का जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "मी माप आहे रे बाबा. मला हलायची परवानगी नाही."

हंगाम संपला. बागा मोकळ्या झाल्या. कंपनीचे साहेब येण्याचा दिवस ठरला. तेवढ्यात मुलाने साडूंना नवा लॅपटॉप पाठवला, आणि जुना फोटोंसकट मी विकत मागितला. त्यांनी किंमत सांगितली. मी ती निम्म्यावर आणली, वर पिशवी मागितली, माउस मागितला. ते प्रत्येक वेळी "ठीक आहे" म्हणाले. तिथेच मला संशय यायला हवा होता. समोरचा इतका पटापट कबूल होतो तेव्हा काहीतरी मागे राखलेलं असतं, हे मी दुसऱ्यांना शिकवतो.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळी साडू रिक्षाने दुकानात आले. लॅपटॉप मांजरपाटाच्या कापडात गुंडाळलेला, वर सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाखेचं सील. मी सील फोडलं, यंत्र चालू केलं. पडद्यावर पासवर्डची चौकट. साडू समाधानाने म्हणाले, "आतलं सील. गोदामातून माल निघाला की पोहोचेपर्यंत सील लागतं. काल रात्री लावलं."

"बरं केलंत. आता काढा."

त्यांनी एका बोटाने काहीतरी टंकलं. चूक. चष्मा पुसून पुन्हा टंकलं. चूक. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "असा शब्द ठेवला होता की कुणाला सुचू नये."

"कुणाला म्हणजे तुम्हालाही?"

"मीही त्यात आलोच ना, शेठ."

माझा पारा कुठे गेला असेल हे दुकानाबाहेरच्या रिक्षावाल्यांना विचारा, ते उठून बघायला आले होते. मी म्हटलं, कॅमेऱ्यात तरी फोटो असतील. साडू म्हणाले, पुसून टाकले. एकच माल दोन ठिकाणी ठेवला की चोराला दोन संधी मिळतात. बागांत आता एकही घड नव्हता. पुन्हा फोटो काढायचे तर पुढच्या हंगामापर्यंत थांबा, आणि कंपनी थांबणार नव्हती. माझी सायकलवरची वर्षं, माझं नोझल, सगळं त्या एका चौकटीमागे अडकलं होतं.

कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो हसतहसत आला, म्हणाला, काका, याला मागचं दार असतं. मागच्या दारालाही साडूंनी कुलूप घातलेलं होतं. मग तो हसायचा थांबला. थोडी खटपट करून म्हणाला, "यांनी फोटोंनाही वेगळं कुलूप घातलंय. मी जबरदस्तीने आत शिरलो तर फोटो कायमचे जातील." आणि साडूंकडे आदराने बघत विचारलं, "साहेब बँकेत होते का?" साडूंना त्या अवस्थेतही बरं वाटलं. जाताजाता त्याने एका खुणेवर टिचकी मारून दाखवली. पासवर्ड आठवावा म्हणून मालकाने स्वतःसाठी लिहिलेली खूण तिथे दिसते. खूण एकाच शब्दाची होती. ताट.

"ताट म्हणजे काय?" मी विचारलं.

साडू विचार करून म्हणाले, "जेवणाचं असावं."

लॅपटॉप उचलून आम्ही दुकानामागच्या माझ्या घरात गेलो. बायकोने ताटात येणारं जे जे म्हणून असतं ते सांगायला सुरुवात केली. पुरणपोळी, श्रीखंड, अळूची भाजी, कोशिंबीर. साडू एकेक टंकत होते. लोणच्यापाशी आल्यावर ते थांबले आणि म्हणाले, माल कुठे ठेवला ते आठवत नसेल तर त्या दिवशी केलं तसंच सगळं पुन्हा करून बघायचं, गोदामात आम्ही असंच करत होतो. काल काय जेवलात, विचारलं. वांग्याचं भरीत. झालं, बायकोने वांगी भाजली. साडू मांडी घालून बसले, डोळे मिटून एकेक घास घोळवत जेवले. मी समोर उभा.

"आठवतंय का काही?"

"मीठ जरा कमी आहे."

"अहो भाऊजी, घ्या ना वरून," म्हणत माझी बायको त्यांना आणखी वाढत होती. मी तिला विचारलं, तू माझ्या बाजूची की त्यांच्या. ती म्हणाली, उपाशी माणसाला काय आठवणार.

तेवढ्यात अक्का आल्या. साडू रक्तदाबाची गोळी घरी विसरून आले होते, ती घेऊन आल्या होत्या. माझा अवतार, साडूंचं दुसऱ्यांदा वाढलेलं ताट, मधे उघडा लॅपटॉप. "काय झालं?" म्हणाल्या. बायकोने सगळं सांगितलं. साडूंनी नेहमीप्रमाणे भिंतीकडे बघून म्हटलं, "कुणाला माहीत असेल तर बरं होईल."

अक्कांनी ती खूण वाचली. मग खाली बसल्या, पदराने उगीचच गुडघ्यावरचं काहीतरी झटकलं. "जेवणाचं नसेल ते," त्या म्हणाल्या. "तांदळाचं असेल."

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो. माझी बायको तेव्हा परकरात होती, तिला काही आठवत नव्हतं. अक्का सांगत होत्या. साडूंनी त्या दिवशी स्वतः शोधलेलं एक नाव लिहिलं. कुठून शोधलं देव जाणे, गोदामात काय नावं मिळणार. ताट अक्कांच्या मांडीजवळ होतं, त्यांनी वाचलं. तेवढ्यात अक्कांच्या सासूबाईंनीही वाचलं. म्हणाल्या, "हे असलं नाव घेऊन मी हिला दळणाला पाठवू?" आणि तळहाताने तांदूळ सारखे केले. दुसरं नाव लिहिलं गेलं. रेशनकार्डावर ते लागलं, हाक मारायला अक्का झालं, आणि पहिलं नाव तिथेच राहिलं.

"काय होतं गं नाव?" बायकोने विचारलं.

"मी नाही सांगणार. यांनी लिहिलं होतं, यांनीच सांगावं." त्या साडूंकडे बघत होत्या. साडूंनी हात धुतले, पुसले. लॅपटॉप जवळ ओढला, आमच्याकडे पाठ केली, डावा हात आडवा धरला, आणि एका बोटाने सावकाश टंकलं. चौकट गेली. पडद्यावर बाग आली, वेलीशेजारी छत्री घेऊन अक्का.

मी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच माझ्यातलं गिऱ्हाईक जागं झालं. "आता पासवर्ड मला सांगा."

"तो विकलेला नाही, शेठ."

"माल विकलात की नाही?"

"माल विकला. तो मालात नव्हता."

मी आवाज चढवला. हवं तर आणखी पैसे वाढवून देतो म्हणालो, हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा आणि शेवटचं निघालं. ज्या माणसाने कधी घासाघीस केली नाही तो भिंतीसारखा बसून राहिला. ठीक आहे, म्हटलं, मग हा काढा आणि दुसरा घाला. तेव्हा ते अगदी हळू म्हणाले, "एकदा पुसलं गेलंय. पुन्हा पुसायला लावू नका." अक्का उठल्या आणि खरकटं ताट उचलून आत गेल्या. बराच वेळ नळ वाहत होता.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सकाळी साडू सिडकोहून येऊन चौकट उघडून गेले होते. साहेबांनी फोटो पाहिले, पुन्हा पाहिले, त्यांच्यातल्या एकाने विचारलं की या बाई कोण. मी म्हटलं, माप आहे. ब्लोअर कंपनीने घेतला. त्यांच्या नावाच्या पट्टीखाली माझ्या नावाची बारीक पट्टी असते, वाकून बघितलं तर दिसते.

आणि मग रोजचं सुरू झालं. दुकान उघडलं की साडू हजर. हात आडवा, एक बोट, चौकट उघडी. फोटो मी केव्हाच दुसरीकडे काढून घेतले होते. कॉम्प्युटरवाला म्हणे, काका, मशीन कोरं करून देतो ना. पण तो पैसे मागत होता आणि साडू फुकट येत होते. चहा मात्र माझा. रोज ते मला दलाल सांगतील त्या किमतीत माल घ्यायचा सल्ला देत, आणि रोज माझं त्यांच्याशी भांडण होई. कधी अक्काही येत, बायकोशी बोलत बसत. साडू टंकत असताना त्या हटकून त्यांच्या बोटाकडे बघत. एखाद्याने हाक मारावी आणि आपण ओ द्यायला तयार असावं, तसं काहीतरी असे त्यांच्या तोंडावर.

अक्का गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त. तेरावा झाला आणि दुसऱ्या सकाळी साडू दुकानात हजर. मी म्हटलं, अहो, राहू दे. त्यांनी हात आडवा धरला, चौकट उघडली, आणि त्या दिवशी चहाला थांबून बागेचे फोटो बघत बसले. पुढे रोजच बसू लागले. मग मुलगा येऊन त्यांना बंगळूरला घेऊन गेला. निघायच्या सकाळी आले, चौकट उघडली आणि म्हणाले, "शेठ, बंद करू नका."

मी बंद केला नाही. इन्व्हर्टरवर ठेवला. पण आपल्याकडचं लोडशेडिंग कुणाच्या शब्दाला जागत नाही. एका उन्हाळ्यात सबंध दिवस वीज आली नाही, इन्व्हर्टर बसला, लॅपटॉप बसला. वीज आली तेव्हा समोर चौकट. मी बंगळूरला फोन लावला. सगळं सांगितलं.  मग साडूंनी ते नाव सांगितलं. बाहेरून ट्रॅक्टर जात होता. मी म्हटलं, ऐकू आलं नाही, मोठ्याने बोला. ते मोठ्याने बोलले. अगदी हाक मारल्यासारखे.

लॅपटॉप आता म्हातारा झालाय, उघडायलाच चहा होईपर्यंत वेळ घेतो. तरी रोज सकाळी मी ते नाव टंकतो. ते इथे लिहिणार नाही, ते विक्रीला नाही. पण साडूसाहेब, माझी तक्रार अजून मिटलेली नाही, उलट वाढली आहे. एक बाई जन्मभर ज्या हाकेची वाट बघत तुमच्या किल्ल्या शोधून देत राहिली, ती हाक तुम्ही मारलीत कुणाला, तर फोनवर, मला, पंपांच्या दुकानदाराला. ती माझ्या कानात पडून राहिली आहे. जिची होती तिला मी ती कशी आणि कुठे पोहोचवू? माल चुकीच्या पत्त्यावर गेलाय. गोदामात अशा वेळी कुणाला तरी जाब द्यावा लागतो ना? मग द्या. मी दुकानातच आहे.